रिकाम्या दोरीवरचा कोड

दुकानातून निघताना ते आधी उजव्या खांद्यावरून मागे पाहत, मग डाव्या, आणि मगच पाऊल उचलत. मागे झेरॉक्सचे मशीन आणि भिंत याखेरीज काही नसे, तरी पाहत. आयुष्यभर खाणीवर डोझर चालवल्यामुळे मागे बघितल्याशिवाय हलायचे नाही हे त्यांच्या मानेतच बसले होते. "लग्नाच्या दिसाय माटवांतल्यान भायर सरतना अशेंच पळयलें," त्यांची बायको सांगायची, "लोकांक दिसलें न्हवरो पळून वता."

सगळे त्यांना ऑपरेटर म्हणत. मी ऑपरेटरकाका म्हणायचो. ते मला 'लॅमिनेशन' म्हणायचे. डिचोलीच्या बसस्टँडजवळ माझे झेरॉक्स, प्रिंट आणि लॅमिनेशनचे दुकान आहे, आणि खाणी बंद पडल्यानंतरच्या एका चवथीच्या आधी ते पहिल्यांदा आले ते हातात कागदाच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन. प्रत्येक चिठ्ठीवर बॉलपेनने एकेका फळाचे नाव लिहिले होते. ती माटोळीसाठी होती.

गोव्याबाहेरच्या वाचकाला माटोळी सांगायला हवी. चवथीला आम्ही गणपतीच्या डोक्यावर एक लाकडी चौकट छताला बांधतो आणि तिला रानातली, सुपारी-नारळाच्या कुळागरातली फळे, फुले, पाने, वेली टांगतो. नारळ, सुपारीचे घोस आणि आंब्याचे टहाळे घराघरांत असतात. ज्याला नाद आहे तो मात्र महिनाभर रानात फिरतो. ऑपरेटरकाकांच्या माटोळीला शंभरावर जिन्नस असत आणि त्यातले निम्मे मी जन्मात पाहिलेले नव्हते. ते खाणीवरचे पिवळे हेल्मेट उलटे धरून त्यात फळे गोळा करत. सगळे केवणीच्या झुडपाच्या सालीच्या दोरीने बांधत. प्लास्टिकची सुतळी घरात दिसली तर काकींवर ओरडत. आणि त्यांचा एक नियम होता: तीन दिसल्याशिवाय एक काढायचे नाही. दिवसभर फिरून करमळाचे एकच फळ दिसले, तर त्याला "बरें आसा मरे?" असे विचारून रिकामे हेल्मेट घेऊन परत येत.

दुसरे एक वाक्य त्यांच्या तोंडी सतत असे. "ब्लेड सकयल घालचे पयलीं उतरून पळोवचें." ब्लेड जमिनीला टेकवण्याआधी खाली उतरून बघायचे, समोर काय आहे ते. पोराचे लग्न ठरवणे असो, बँकेत सही करणे असो, की माझ्या दुकानात चिठ्ठ्यांचा आकार ठरवणे असो, ते हेच म्हणत. मी ते वाक्य इतक्यांदा ऐकले, की शेवटी मला ते ऐकू येईनासे झाले.

कोडची कल्पना माझी होती. त्या सुमारास दुकानदारांचे पैसे घेण्याचे कोड, हॉटेलांच्या मेनूचे, लग्नपत्रिकांवरचे असे कोड करून द्यायचे काम मी घेऊ लागलो होतो. एक संकेतस्थळ होते. तिथे खाते उघडायचे, मजकूर भरायचा, चौकोन तयार करून छापायचा. मी त्यांना म्हटले, "काका, नुसतं नाव काय लावता? कोड लावू. मोबाइल धरला की सगळी माहिती दिसेल."

"कितें दिसतलें?"

"तुम्ही सांगाल ते."

त्यांना ते पटायला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी आले आणि म्हणाले, "देवाच्या माथ्यार काळे चौकोन नाका. पाचवे कर." हिरवे. मी पोपटी रंगात छापले. मोबाइल काही केल्या वाचेना. "तुज्या मोबायलाक पाचवो रंग दिसना?" ते म्हणाले, "ताका डोळ्यांच्या दोतोराकडेन व्हर." मग मी फणसाच्या जून पानासारखा गडद हिरवा घेतला, आणि पहिल्या झटक्यात पान उघडले. त्यांनी एका चिठ्ठीची पांढरी कड कापून टाकली, जागा वाचावी म्हणून. तो कोड चालेना. कडेला मोकळी जागा असल्याशिवाय चौकोन कुठे सुरू होतो ते मोबाइलला कळत नाही, हे मी सांगितले तेव्हा त्यांचा चेहरा खुलला. "म्हणजे ताकाय वंय जाय." कुंपण. त्यानंतर ते कात्रीला हात लावत नसत.

त्या संकेतस्थळावर दोन तऱ्हेचे कोड होतात. एकात मजकूर त्या चौकोनांतच गोठलेला असतो. छापला की संपले. दुसऱ्यात चौकोनांत फक्त एक छोटा पत्ता असतो आणि त्या पत्त्यामागचे पान आपण खात्यात जाऊन कधीही बदलू शकतो. चिठ्ठ्या दर वर्षी त्याच वापरायच्या आणि माहिती नवी घालायची, म्हणून मी दुसरा घ्यावा म्हणालो. ते स्टुलावर बसून ऐकत होते.

"म्हणजे पाटी तीच, आनी फाटलें घर बदलतलें?" फाटलें म्हणजे मागचे.

"हो."

"बदललें तें वाचप्याक कळटलें?"

"नाही. त्याला फक्त आजचं दिसेल."

"मगे ही वस्त बरी न्हय."

"पण काका, बदलणारा मीच आहे ना."

"म्हणूनच विचारतां," ते म्हणाले.

शेवटी त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतले, की त्यांना विचारल्याशिवाय एक अक्षर बदलायचे नाही. मी हसत हो म्हटले. आज ते हसणे आठवले की मान वर करवत नाही.

मजकूर ते उभ्याने सांगत, मी टाइप करत असे. फळाचे नाव, दुसऱ्या गावात त्याला काय म्हणतात, कशाला लागते, किती दिसली आणि किती काढली. प्रत्येक नोंदीच्या शेवटी एकच वाक्य: "रजा घेवन काडलां." परवानगी घेऊन काढले आहे. पानावर 'ठिकाण' असा नकाशाचा रकाना होता. त्यावर त्यांचा हुकूम स्पष्ट होता. "गांव बरय. जागो नाका. जागो जाय जाल्यार म्हजेवांगडा चलूंक यो म्हण." गावाचे नाव लिहायचे, नेमकी जागा नाही.

चालायला त्यांच्याबरोबर आणखी एक माणूस असे. त्यांचा जोडीदार. तो पेडण्याकडचा, खाणीवर त्यांचा हेल्पर होता, आणि खाण सुटली तरी माणूस सुटला नाही. श्रावण लागला की दोघे रानात. एक बोलायचा, दुसरा ऐकायचा, आणि कोण कोणता ते दिवसागणिक बदलायचे. जोडीदाराजवळ बटनांचा फोन होता आणि त्याला कोड म्हणजे "देवाक लायलेली लॉटरी" वाटायची. "लॅमिनेशन, माझ्या टकलाक पण एक चिकटव," तो म्हणायचा, "बायलेक तरी कळांदे भितर काय आसा."

त्यांच्या माटोळीचा मानाचा जिन्नस जोडीदाराच्या गावच्या देवराईत होता. गारंबीची वेल. तिचा बुंधा माणसाच्या मांडीएवढा, पीळ घातलेला, आणि वर कुठल्या झाडावर तिचे काय आहे ते खालून कळत नसे. तिच्या शेंगा हातभर लांब, हिरव्या, वळलेल्या. आकडी लावलेल्या काठीने जोडीदार एक शेंग उतरवायचा. आधी तीन मोजायच्या. ती शेंग माटोळीच्या मधोमध, गणपतीच्या मुकुटाच्या थेट वर येई. तिसऱ्या वर्षी त्यांनी मलाही बरोबर नेले. "पान तू बरयता," ऑपरेटरकाका म्हणाले, "एक फावट देखूंक जाय." हा विश्वास होता, हे मला तेव्हाही कळले होते. मी वेलीचा फोटो काढला. फोटोबरोबर मोबाइल जागेची नोंद आपोआप ठेवतो.

त्या वर्षी माटोळी स्पर्धेचे परीक्षक येणार होते. मी आदल्या दिवशी खात्यात बसून एकेक पान तपासत होतो. त्या संकेतस्थळाची एक खोड आहे. एखादा रकाना रिकामा राहिला, की वर पिवळ्या पट्टीत लिहून येते: 'तुमचे पान पूर्ण झालेले नाही.' शंभर पानांवर ती पट्टी होती. मला कागद अर्धवट राहिलेला बघवत नाही. लोकांचे फॉर्म भरून देण्यात माझी वर्षे गेली आहेत. आणि खरे सांगायचे तर एवढेच नव्हते. प्रत्येक पानाच्या तळाला माझ्या दुकानाचे नाव होते. परीक्षकांनी गारंबीचे पान उघडावे आणि म्हणावे, वा, काय नेटके काम आहे, असे मला वाटत होते. मी फोटोतली जागा उचलली आणि त्या एकाच पानाच्या ठिकाणाच्या रकान्यात घातली. पिवळी पट्टी गेली. हिरवी खूण आली.

दुसरा नंबर मिळाला. परीक्षकांनी कोडचे कौतुक केले. ऑपरेटरकाकांनी प्रमाणपत्र लॅमिनेशनला आणले आणि म्हणाले, "हाका कोड लावूं नाका, हें म्हाका वाचूंक येता."

त्या खात्यात कोणता कोड किती वेळा उघडला गेला त्याचा आलेखही दिसतो. चवथ संपली. चिठ्ठ्या पुसून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात गेल्या. तरी गारंबीचा आलेख चढतच राहिला. बाकीच्या सगळ्या कोडांची बेरीज केली तरी त्याची बरोबरी होत नव्हती. कोणीतरी चिठ्ठीचा फोटो काढून पुढे पाठवला होता. फोटोतला कोडही वाचता येतो. मी तो आलेख दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांना दाखवत असे. 'बघा,' म्हणत असे, 'डबा बंद आहे आणि लोक अजून बघतायत.'

पुढच्या वर्षी चवथीच्या आठवडाभर आधी आम्ही तिघे गेलो. देवराईत शिरताना दोघांनी नेहमीप्रमाणे चपला काढल्या. वेलीपाशी पोचलो तेव्हा आधी मला वाटले आपण चुकीच्या झाडाशी आलो. बुंधा कमरेच्या उंचीवर तोडलेला होता. वरची सगळी वेल जागच्या जागी वाळून तपकिरी झाली होती आणि हाताला येतील तेवढ्या शेंगा ओरबाडलेल्या होत्या. एका शेंगेसाठी वेल खाली तोडली की ती सैल पडते आणि ओढता येते. चढावे लागत नाही.

ऑपरेटरकाकांनी कापलेल्या जागेवर तळवा ठेवला. "कोयत्यान न्हय," ते म्हणाले. "कुराडीन." मग म्हणाले, "ही वाट तीन जाणांक खबर."

ते माझ्याकडे बघत नव्हते. जोडीदाराकडे बघत होते. "तुजो गांव. खंय तरी बसून शेखी मारली आसतली."

"मी?" जोडीदाराचा आवाज फाटला. "तुझ्या डोझराची धूळ खाल्लंय इतकी वर्सां, ती ह्येच्यासाठी? माझ्या देवाच्या राईत मी कुराड धाडतलंय? लॅमिनेशन, तू सांग रे ह्येका!"

मला तेव्हा सगळे कळलेले होते. वेलीकडे बघताक्षणीच कळले होते. हिरवी खूण डोळ्यांपुढे होती. आणि मी म्हणालो, "कोणीतरी आपल्याला जाताना पाहिलं असेल."

एवढेच बोललो. त्या वाक्यात 'आपल्याला' होते, म्हणून ते खोटे वाटले नाही.

घरी आल्याबरोबर मी खाते उघडून ठिकाणाचा रकाना पुसला. 'बदल जतन झाले,' असे आले. पाटी तीच, फाटलें घर बदललें, आणि कोणाला कळले नाही.

जोडीदाराचे पुढे काय झाले ते मला तुकड्यातुकड्याने कळत गेले. परक्यांना राईत आणलेस, असे गावकऱ्यांनी त्याला सुनावले. देवळात त्याला उभे करून, नारळ ठेवून, त्याच्या नावाने गाऱ्हाणे घातले: ह्या लेकरान चूक केल्यान, ती पदरात घे. त्याने न केलेली चूक. सगळ्या गावासमोर. ऑपरेटरकाकांच्या घरी तो पुन्हा फिरकला नाही. त्या चवथीला माटोळीच्या मधोमध मोठा नारळाचा घोस लावला होता. काकी मला वाढताना म्हणाल्या, "दोगांय म्हातारे भुरग्यांसारके रुसल्यात. तूं तरी कितें तरी कर रे." मी खतखते वाढून घेतले.

असे आठ-नऊ महिने गेले. मी कारणे शोधून ठेवली होती. वेल काही परत येणार नाही. म्हातारा माणूस, त्याला धक्का बसेल. कोणी तोडली ते मला तरी कुठे ठाऊक आहे. ते आजही ठाऊक नाही.

मे महिन्यात, भर दुपारी, ऑपरेटरकाका बिस्किटांचा डबा घेऊन दुकानात आले. काही चिठ्ठ्यांच्या लॅमिनेशनमध्ये पाणी शिरले होते. त्या निवडून झाल्यावर त्यांनी गारंबीची चिठ्ठी वेगळी काढून काउंटरवर ठेवली.

"ही मार."

"म्हणजे?"

"मशिनींतली काडून उडय. वेलच ना, कोड कित्याक?"

मी खाते उघडले. गारंबीच्या नावावर गेलो. पुढे प्रश्न आला: हा कोड कायमचा काढून टाकायचा का? ही कृती मागे घेता येणार नाही. ते चष्मा सरकवून पडद्याकडे वाकले होते. प्रश्नाच्या बाजूला तो आलेख होता.

"हो दोंगर कसलो?"

"किती लोकांनी पाहिलं, ते."

"खंयच्या म्हयन्यांत?"

मी महिने वाचले. त्यांनी बोटांवर मोजले. मग डब्यावर टिचकी मारली. "हो तेन्ना बंद आसलो. माळ्यार. मगे पळयतालो कोण? आनी पळयतालो कितें?"

त्या माणसाने आयुष्यभर ब्लेडपुढे काय आहे ते उतरून बघितले होते. त्याला उत्तर माहीत असण्याची गरज नव्हती. प्रश्न बरोबर जागी होता. मला तो कोड पुसता आला असता. बोट तिथेच होते. एक टिचकी, आणि आलेखासकट सगळे गेले असते. मी बोट काढले आणि सांगितले. पिवळ्या पट्टीपासून 'कोणीतरी पाहिलं असेल'पर्यंत.

सांगून संपल्यावर ते म्हणाले, "उतरून पळयलें ना तुवें." बघितले नव्हतेच मी. ते उठले, हेल्मेट डोक्यावर घातले आणि दुकानाबाहेर पडले. मागे न बघता. उजव्या खांद्यावरूनही नाही आणि डाव्याही नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. डबा काउंटरवर राहिला.

तिसऱ्या दिवशी परत आले.

"ताका सांगलें?"

"कोणाला?"

"कोणाक म्हण विचारता!" त्यांनी काउंटरवर हात आपटला. शेजारचा चहावाला डोकावून गेला. "चूक ताचेकडेन केल्या आनी सांगता म्हाका? हांव कोण? म्हाका सांगून तुजें पोट हलकें जालें. देवळांत उबो रावलो तो कोण?"

मग त्यांनी मला स्कूटर काढायला लावली. वाटले पेडण्याला. पण त्यांनी मला बंद खाणीपाशी नेले. डोंगर होता तिथे आता हिरव्या पाण्याचे खोल तळे आहे. ते काठावर उभे राहिले आणि बोटाने हवेत जागा दाखवू लागले. इथे कुडा होता. इथे कवंडळाची वेल, तांबडी फळे. त्या तिथे, पाण्याच्या वर, करमळे होती. "पयलीं झाडां वतात," ते म्हणाले. "फातर मागीर. आनी झाडां म्हज्या ब्लेडान गेलीं. उतरून पळयतालों, म्हणून म्हाका खबर खंयचीं गेलीं. उतरून पळयतालों आनी परतून चडून ब्लेड घालतालों. पगार आसलो. म्हाका कोणेंच विचारलें ना, म्हणून हांवें कोणाकच सांगलें ना."

"तुका विचारलें," ते म्हणाले. "तुजें नशीब बरें."

माटोळी त्यांच्यासाठी काय होती ते मला त्या काठावर कळले. शंभर जिन्नस, तीन दिसल्याशिवाय एक न काढणे, झाडाला कसा आहेस विचारणे. इतकी वर्षे मी त्याला छंद म्हणत होतो.

दुसऱ्या दिवशी मी पेडण्याला गेलो. जोडीदार अंगणात सुपाऱ्या वाळत घालत होता. मी तोंड उघडले आणि 'गारंबी' एवढा शब्द आला मात्र, त्याने हात वर केला. "नाय. माका आयकाक नाय. ज्येणा बोलल्यान तो येवंदे." मी अंगणाच्या बाहेर उभा राहून ओरडून सांगू शकलो असतो. तेवढे धैर्य नव्हते. परत आलो आणि ऑपरेटरकाकांना म्हटले, तो ऐकत नाही.

"आयकतलो. तू बरोव."

"काय?"

"कोडाफाटल्यान. म्हाका सांगलें तें. सगळें. आनी नांव घाल."

मी लिहिले. चार वेळा लिहिले. पहिल्या तीन वेळा त्यांनी स्टुलावर बसून ऐकले आणि मान हलवली. 'नजरचुकीने' हा शब्द त्यांनी काढायला लावला. 'झाले' जिथे होते तिथे 'मी केले' करायला लावले. चौथ्या वेळी म्हणाले, "आतां जतन कर." दुकानाचे नाव तळाला ठेवायचे का, असे मी विचारले. "आतां ठेव," ते म्हणाले. "तेन्ना ठेवपाची गरज नासली."

जोडीदाराकडे ते एकटे गेले, बसने. तिथे काय बोलले ते दोघांनीही मला कधी सांगितले नाही. काकींना विचारले तर म्हणाल्या, "गेले तेन्ना हातांत नारल आसलो. येतना पिशवीभर माट्टांची फळां घेवन आयले. म्हणजे जेवले आसतले."

चवथीच्या दिवशी माटोळीच्या मधोमध काहीच नव्हते. केवणीची एक दोरी खाली सोडली होती आणि तिच्या टोकाला फक्त ती हिरव्या चौकोनाची चिठ्ठी. आजूबाजूला फळांची गर्दी असताना ती रिकामी दोरी गणपतीच्या मुकुटावर हलत होती. येणारा प्रत्येक जण आधी तिथेच मोबाइल धरायचा. माणूस वाचतो तेव्हा त्याचा चेहरा कसा बदलतो ते मी कोपऱ्यात उभा राहून बघत होतो. काहींनी वाचून माझ्याकडे पाहिले. काही वाचता वाचता बाहेर गेले. दर्शनाला आलेल्या माझ्या चुलतभावाने मान खाली घालून आरतीचे ताट उचलले.

दुपारच्या आरतीआधी जोडीदार आला. देवाला नमस्कार केला, वर बघितले. ऑपरेटरकाका चौरंगाशेजारी बसले होते.

"दोरयेक काय लायलंस?"

"वाच."

"माझ्या फोनात खंय दिसता?" त्याने खिशातून बटनांचा फोन काढून दाखवला. खोलीत पंचवीस-तीस माणसे होती. कोणीतरी हसले.

ऑपरेटरकाका माझ्याकडे वळले. "लॅमिनेशन. ताका वाचून दाखय."

लिहिणे आणि वाचणे यात एवढे अंतर असेल असे मला वाटले नव्हते. मी माझा मोबाइल चिठ्ठीवर धरला. चौकोन चौकटीत येत नव्हता. तिसऱ्यांदा पान उघडले. मी वाचले. "ही वेल माझ्यामुळे तुटली. तिची जागा सांगायची नाही असे मला बजावले होते. मी ती माझ्या दुकानाच्या नावासाठी उघड केली. वेल तुटल्यावर मी जागा पुसली आणि गप्प राहिलो. ज्यांना दोष लागला त्यांचा काही दोष नव्हता." पुढे जोडीदाराचे नाव होते, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. ते वाचताना अडखळलो. थांबून पुन्हा वाचले.

जोडीदार दोरीकडे बघत होता.

"बरा वाचलंस," शेवटी तो म्हणाला. "पण हय न्हय. हय माका कोणी काय बोलला नव्हता. आमच्या देवळात वाच."

"वाचतलो," माझ्या आधी ऑपरेटरकाका म्हणाले. "आनी हांवय उबो रावतलों. हांवें बी तोंड उगडिल्लें."

आम्ही विसर्जनानंतरच्या सोमवारी गेलो. गावकरी जमले होते. मी देवासमोर उभा राहून तीच ओळन् ओळ वाचली. माझ्या नावाने नारळ ठेवला, आणि ज्या गाऱ्हाण्यात आधी जोडीदाराचे नाव होते तिथे माझे घेतले. ऑपरेटरकाका माझ्या शेजारी हेल्मेट छातीशी धरून उभे होते. गाऱ्हाणे संपल्यावर जोडीदाराने लेंग्याच्या खिशातून एक कापडी पुरचुंडी काढली आणि सोडली. गारंबीच्या बिया. चपट्या, तपकिरी, रुपयाच्या नाण्याहून मोठ्या. नातवंडांना खेळायला घरात ठेवलेल्या, कधीच्या काळच्या शेंगांतल्या.

"राईत लावक रजा जाय," तो गावकऱ्यांना म्हणाला.

बी फार टणक असते. ऑपरेटरकाका देवळाच्या पायरीवर बसून एकेक बी दगडावर घासत राहिले, कवच पातळ होऊन आतला पांढरा दिसेपर्यंत. सात बिया होत्या. दोन तास लागले. "शेंग यायला किती वर्षं लागतील?" मी विचारले. ते म्हणाले, खूप. जोडीदार म्हणाला, "तू दिसतलंस तिका. आमी नाय." ऑपरेटरकाका घासायचे थांबले नाहीत.

सातांतल्या तीन रुजल्या. एक रानडुकराने उकरली. दोन आहेत.

ऑपरेटरकाका दोन वर्षांनी गेले, घरीच, खाटेवर. पहिली वेल तेव्हा त्यांच्या छातीएवढी झाली होती. चिठ्ठ्यांचा डबा काकींनी माझ्याकडे आणून दिला आणि म्हणाल्या, "हेल्मेट दिवचें ना. तें हांव वापरतां." चवथीला माटोळी त्यांच्याच घरी होते. श्रावण लागला की जोडीदार आणि मी रानात जातो. त्याला आता चढ चढवत नाही, म्हणून तो खालून शिव्या देतो आणि मी वर बघून तीन मोजतो. दोन दिसली तर परत येतो.

मधोमधची दोरी अजून रिकामी असते. चिठ्ठी तीच आहे. खाते बंद पडू नये, एका दिवसासाठीही तो कोड मरू नये, याची मी काळजी घेतो. माझ्यानंतर कोणी घ्यायची तेही लिहून ठेवले आहे. दर वर्षी मी पान उघडतो आणि खाली एक ओळ घालतो. 'दुसरी वेल शेजारच्या झाडाला धरली.' 'पहिली दोन पुरुष उंच झाली.' वरचे काही पुसत नाही. पहिली ओळ पहिलीच आहे: ही वेल माझ्यामुळे तुटली.

दर वेळी ती पिवळी पट्टी येते: तुमचे पान पूर्ण झालेले नाही. ठिकाणाचा रकाना रिकामा आहे. मी उजव्या खांद्यावरून मागे बघतो, मग डाव्या, आणि 'जतन करा' दाबतो.